डार्विनच्या आत्मचरित्रातील गाळलेली पाने

उत्क्रांतीचा धडा शिकवून झाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, "मग देव आहे की नाही?" या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे प्रचलित आहेत. पहिले असे की, देव नाही हे विज्ञानाने सिद्धच केले आहे, आणि ते काम डार्विनने केले. दुसरे असे की, मोठमोठे शास्त्रज्ञही अखेरीस देवाला शरण जातात, खुद्द डार्विननेही मृत्युशय्येवर पश्चात्ताप केला. दोन्ही पक्ष साक्षीला बोलावतात ते डार्विनलाच. मात्र या साक्षीदाराची जबानी मुळातून वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. ही जबानी त्याच्या छोटेखानी आत्मचरित्रात आहे. ती वाचली तर दोन्ही पक्षांची निराशा होईल, आणि शिक्षकाच्या हाती मात्र काहीतरी उपयोगाचे लागेल, असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. 'नास्तिक' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. भारतीय दर्शनांच्या परंपरेत वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. म्हणून जैन आणि बौद्ध दर्शने नास्तिक ठरली. उलट, जगाचा कर्ता असा ईश्वर न मानणारे सांख्य व पूर्वमीमांसा यांची गणना मात्र आस्तिक दर्शनांत झाली. तेव्हा ईश्वर नाही असे म्हणणाऱ्याला 'निरीश्वरवादी' म्हणणे अधिक नेमके. ईश्वर आहे किंवा नाही हे आपल्याला कळलेले नाही, कदाचित कळण्याजोगेही नाही, असे म्हणणारा तो 'अज्ञेयवादी'. हा शब्द ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण वापरतो, तो डार्विनचा मित्र थॉमस हक्सले याने १८६९ मध्ये घडवला. हक्सलेच्या मते अज्ञेयवाद हा काही नवा पंथ नव्हता, ती विचार करण्याची एक शिस्त होती. जे सिद्ध झालेले नाही ते सिद्ध झाले आहे असे सांगू नये, एवढेच तिचे सार.

पुस्तकाची हकिगत

डार्विनने हे आत्मचरित्र १८७६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुलानातवंडांसाठी लिहिले, आणि पुढे त्यात अधूनमधून भर घातली. १८८२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. १८८७ मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांच्या चरित्र-पत्रसंग्रहात ते छापले, पण त्यातून बराच मजकूर वगळून. सर्वांत मोठी काट धर्मविषयक भागाला लागली होती. डार्विनची पत्नी एमा ही श्रद्धाळू ख्रिस्ती होती. काही वाक्ये छापली जाऊ नयेत असे तिने हस्तलिखितात आणि पत्रातून कळवले होते. मुलांमध्येही मतभेद होते. पूर्ण मजकूर वाचकांना मिळाला तो १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ची शताब्दी एका वर्षावर आली असताना, १८५८ मध्ये नव्हे तर थेट १९५८ मध्ये. डार्विनची नात नोरा बार्लो हिने तो संपादित केला. गाळलेला मजकूर सुमारे सहा हजार शब्दांचा होता. म्हणजे ७१ वर्षे जगाने कात्री लावलेला डार्विन वाचला.

एमाला दोष देण्याचे कारण नाही. पतीवर तिचे प्रेम होते आणि मृत माणसाचे खासगी विचार चव्हाट्यावर येऊ नयेत ही तिची इच्छा समजण्यासारखी आहे. पण परिणाम पाहा. १९१५ मध्ये अमेरिकेतील एका धार्मिक पत्रात लेडी होप नावाच्या बाईंची कथा छापून आली. डार्विनला त्याच्या शेवटच्या दिवसांत आपण बायबल वाचताना पाहिले, आणि आपल्या सिद्धांताबद्दल त्याला खंत वाटत होती, असे त्यात होते. डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ मध्ये ती जाहीरपणे खोडून काढली. मृत्युसमयी ती स्वतः वडिलांजवळ होती. धर्मविषयक मजकूर छापण्यास विरोध करणाऱ्यांत हीच हेन्रिएटा होती, हे विशेष. त्या वेळी मूळ मजकूर वाचकांपुढे असता, तर कथा तपासून पाहणे सोपे गेले असते.

श्रद्धा कशामुळे गेली?

'उत्क्रांती सुचली आणि देव गेला' असा सोपा क्रम मनात ठेवून हा भाग वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल. तरुण डार्विन केंब्रिजला गेला तो धर्मोपदेशक होण्याच्या बेताने. १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' जहाजावर असताना तो इतका सनातनी होता की, नीतीच्या प्रश्नावर बायबलचा दाखला दिल्याबद्दल अधिकारी त्याला हसत. परतल्यावर त्याच्या मनात शंका आल्या, पण त्यांतल्या पहिल्या शंका जीवशास्त्राच्या नव्हत्या. त्या पुराव्याच्या होत्या. शुभवर्तमाने प्रसंग घडले त्याच वेळी लिहिली गेली असे दाखवता येत नाही, त्यांच्या तपशिलांत फरक आहेत, आणि निसर्गाचे नियम जितके पक्के कळत जातात तितके चमत्कार अविश्वसनीय होत जातात, असे तो म्हणतो. एक प्रश्न तर आपल्या वाचकांना थबकायला लावील. देवाने आज हिंदूंना साक्षात्कार द्यायचे ठरवले, तर विष्णू, शिव यांच्यावरील श्रद्धेशी तो जोडला जाऊ देईल काय? डार्विनला हे अशक्य वाटते, आणि मग ख्रिस्ती धर्म जुन्या कराराशी जोडलेला असणेही त्याला तितकेच अविश्वसनीय वाटू लागते. दुसऱ्याच्या धर्माला लावलेली फूटपट्टी त्याने स्वतःच्या धर्माला लावली. सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

श्रद्धा सोडण्याची त्याला घाई नव्हती. पॉम्पेईत एखादे जुने हस्तलिखित सापडावे आणि शुभवर्तमानांतील सर्व काही खरे ठरावे, अशी दिवास्वप्ने तो रंगवत असे. पण कोणता पुरावा मिळाला तर आपले समाधान होईल, हे कल्पनेतही ठरवणे त्याला अवघड होत गेले. अविश्वास हळूहळू आला आणि शेवटी पूर्ण झाला.

दुसरे कारण नैतिक होते. श्रद्धा न ठेवणाऱ्यांना अनंत काळ शिक्षा होते हे खरे धरले, तर त्याचे वडील, भाऊ आणि जवळजवळ सर्व जिवलग मित्र त्या शिक्षेचे धनी ठरत. अशी शिकवण खरी असावी असे कोणाला वाटूच कसे शकते, असे तो अत्यंत कडक शब्दांत विचारतो. एमाने आक्षेप घेतला तो याच उताऱ्यावर.

उत्क्रांती येते ती यानंतर, आणि तिचे काम मर्यादित आहे. विल्यम पॅली या धर्मशास्त्रज्ञाचा युक्तिवाद असा होता की, घड्याळ असेल तर घड्याळजी असलाच पाहिजे, तसेच जीवांची रचना पाहून रचनाकार मानलाच पाहिजे. डार्विन म्हणतो, दाराची बिजागरी माणसाने केली म्हणून शिंपल्याची बिजागरीही कोणा बुद्धिमान कर्त्याने केली असणार, हा निष्कर्ष आता काढता येत नाही, कारण नैसर्गिक निवडीने तशी रचना घडू शकते. येथे नेमके काय झाले हे नीट पाहिले पाहिजे. ईश्वराच्या बाजूचा एक युक्तिवाद कोसळला. ईश्वर नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. खटल्यातला एक साक्षीदार खोटा ठरला म्हणजे खटल्याचा निकाल लागला असे नव्हे.

विश्वाचा एवढा पसारा निव्वळ आंधळ्या योगायोगाने झाला असेल, हे मनाला पटत नाही, असेही डार्विन लिहितो. 'ओरिजिन' लिहिताना ही भावना त्याच्या मनात बळकट होती आणि तेव्हा तो स्वतःला ईश्वरवादी म्हणवून घेऊ शकत होता. पुढे ती क्षीण होत गेली. सर्व वस्तूंच्या आरंभाचे कोडे आपल्याला सुटणारे नाही आणि आपण अज्ञेयवादी राहण्यातच समाधान मानले पाहिजे, या मुक्कामावर तो शेवटी थांबतो. १८७९ मधील एका पत्रात त्याने लिहिले आहे की, आपले विचार कितीही हेलकावले तरी ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा आपण कधीच नव्हतो. माणूस श्रद्धाळू आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो, हेही त्याच पत्रात आहे. त्यासाठी त्याने उदाहरण दिले ते एसा ग्रे याचे. हा वनस्पतिशास्त्रज्ञ निष्ठावान ख्रिस्ती होता आणि अमेरिकेत डार्विनच्या सिद्धांताचा खंदा पुरस्कर्ताही होता.

दोन उणिवा

या प्रकरणाचे कौतुक करताना त्यातील कच्चे दुवे दाखवणेही आवश्यक आहे. पहिला दुवा असा. लहानपणापासून मुलांच्या मनावर देवाची श्रद्धा बिंबवली जाते, म्हणून माकडाला सापाची उपजत भीती टाकणे जितके कठीण, तितकेच माणसाला ती श्रद्धा टाकणे कठीण असावे, असे डार्विन सुचवतो. हे वाक्यही एमाच्या विनंतीवरून गाळले गेले होते. पण एखादी समजूत मनात कशी रुजली हे सांगितल्याने ती खोटी ठरत नाही. पृथ्वी गोल आहे हेदेखील बहुतेकांनी लहानपणी ऐकूनच मान्य केलेले असते. शिवाय माकडाची भीती निराधार नाही, साप खरोखरच चावतो!

दुसरा दुवा अधिक खोल आहे. माणसाचे मन खालच्या प्राण्यांच्या मनातून विकसित झाले असेल, तर एवढ्या भव्य प्रश्नांवर त्याने काढलेल्या निष्कर्षांवर विश्वास कसा ठेवावा, असे डार्विन विचारतो. मग उत्क्रांतीचा सिद्धांत त्याच मनाचा निष्कर्ष नव्हे काय? आत्मचरित्रात याचे उत्तर नाही. ते त्याच्या इतर कामात सापडते. मादागास्करमधील एका ऑर्किडच्या फुलाची मधुरसाची नळी सुमारे ३० सेंटिमीटर लांब असते. १८६२ मध्ये डार्विनने लिहिले की, तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तेथे असलाच पाहिजे. त्या वेळी असा पतंग कोणाला माहीत नव्हता. १९०३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. विज्ञान मनावर आंधळा विश्वास ठेवत नाही, ते मनाच्या निष्कर्षांना निसर्गापुढे परीक्षेला बसवते. 'या विश्वामागे कोणी आहे काय' या प्रश्नासाठी अशी परीक्षा कोणती, हे अद्याप कोणी सांगू शकलेले नाही. मात्र 'अमुक ताईताने साप उतरतो' किंवा 'पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली' या विधानांची परीक्षा होऊ शकते, आणि तेथे अज्ञेयवादाचा आडोसा घेता येत नाही. तेथे विज्ञानाचे उत्तर स्पष्ट 'नाही' असेच आहे.

मौनाचा प्रश्न

डार्विन हे सर्व उघडपणे का बोलला नाही? १८८० मधील एका पत्रात त्याने कारण दिले आहे. धर्मावर थेट हल्ला केल्याने लोकांवर फारसा परिणाम होत नाही, विज्ञानाच्या प्रसाराने मने हळूहळू उजळत जातात आणि विचारस्वातंत्र्य त्यानेच वाढते. घरच्यांना दुःख होईल ही चिंताही त्याने लपवलेली नाही. हे कारण प्रामाणिक आहे, पण पुरेसे आहे काय? 'ओरिजिन'च्या १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने शेवटच्या वाक्यात निर्मात्याचा उल्लेख घातला, आणि लोकमतापुढे नमते घेतल्याची खंत १८६३ मध्ये मित्राला कळवली. तरी पुढच्या आवृत्त्यांतही तो उल्लेख राहिला.

त्याच शतकात आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकरांनी दुसरी वाट धरली. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर पोसलेले आगरकर अज्ञेयवादी होते. ते उघड बोलले आणि १८८८ पासून 'सुधारका'तून उघड लिहीत राहिले. त्याची किंमत म्हणून पुण्यात आपली जिवंतपणी निघालेली प्रेतयात्रा त्यांना पाहावी लागली. डार्विनचा संयम आणि आगरकरांची निर्भयता यांपैकी एकच निवडावी असे आम्ही म्हणणार नाही. पण संयमाच्या नावाखाली खुद्द विज्ञानच गप्प बसवले जाऊ लागले, तर तो संयम राहत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत सांगितले की, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचे खंडन केले. २०२३ मध्ये एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचे दिसले, तेव्हा शास्त्रज्ञ आणि शिक्षक यांनी निषेध नोंदवला. १८८७ मध्ये कात्री कुटुंबाच्या हाती होती आणि तिने एका माणसाची मते झाकली. पाठ्यपुस्तकाला लागलेली कात्री पुरावाच झाकते, आणि तोही लाखो मुलांपासून.

तेव्हा वर्गातल्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? आमची सूचना अशी. प्रश्नाचे तुकडे करावेत. जीवांच्या जाती कशा घडल्या, याचे उत्तर विज्ञानाकडे आहे आणि ते कोणाच्याही श्रद्धेसाठी सौम्य करू नये. चमत्कार, ताईत, नवस यांविषयीचे दावे तपासता येतात, ते मुलांना तपासायला शिकवावे. आणि या सर्वांपलीकडे विश्वामागे कोणी आहे काय, या प्रश्नावर शिक्षकाचे मत काहीही असो, ते विज्ञानाचा निष्कर्ष म्हणून सांगू नये. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून घातले गेले. त्याच वाक्यात मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचाही उल्लेख आहे. देव मानावा की मानू नये, हे त्यात सांगितलेले नाही.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना डार्विनच्या आत्मचरित्रातील हे प्रकरण जरूर वाचायला द्यावे. मात्र १९५८ नंतरची, न गाळलेली प्रत द्यावी.