जागेची किंमत आणि बांधकामाची किंमत : दोन क्रोनोग्राफ घड्याळांची चिकित्सा

लोणावळ्यात बंगल्यांचे व्यवहार करणारा कोणताही एजंट एक गोष्ट पहिल्या भेटीतच शिकवतो. किंमत दोन भागांत वाचायची असते : बांधकामाची आणि जागेची. विटा, सिमेंट, सागवान, गवंड्याची मजुरी यांचा हिशेब मांडता येतो. दरीकडे उघडणाऱ्या खिडकीचा मांडता येत नाही. एकाच नकाशाचे, एकाच ठेकेदाराने बांधलेले दोन बंगले असतात. एकाच्या व्हरांड्यातून दरी दिसते, दुसऱ्याच्या व्हरांड्यातून शेजाऱ्याची पाण्याची टाकी. भाव दीडपट होतो आणि कोणालाही त्यात नवल वाटत नाही.

ही साधी पद्धत मनगटी घड्याळांना लावली तर काय हाती लागते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. घड्याळशास्त्राचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. जुनी घड्याळे उघडून, मोडून, पुन्हा जोडून आणि मिळेल ते वाचून जे कळले, त्याच्याच आधारावर हे लिहितो आहे. तुलनेसाठी घेतलेली दोन्ही घड्याळे पोलादी, स्वयंचलित आणि स्विस आहेत. एक रोलेक्सचे कॉस्मोग्राफ डेटोना, दुसरे झेनिथचे क्रोनोमास्टर स्पोर्ट. लांबून पाहिले तर बाजारात नेहमी जाणाऱ्या माणसाचीही गफलत व्हावी इतकी ती सारखी दिसतात : तीन छोट्या तबकड्या, दोन बटणे, काळ्या सिरॅमिकची कडा. क्रोनोमास्टर स्पोर्ट जानेवारी २०२१ मध्ये आले, तेव्हा पोलादी पट्ट्यासह त्याची अमेरिकेतील किंमत १०,००० डॉलर होती. डेटोनाची सध्याची आवृत्ती मार्च २०२३ मध्ये १५,१०० डॉलरला जाहीर झाली. नंतर दोन्हींचे भाव चढले, पण अंतर ढोबळमानाने दीडपटीच्या आसपासच राहिले. म्हणजे आपल्या दोन बंगल्यांइतकेच.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवणाऱ्या घड्याळातच बसवलेले स्वतंत्र स्टॉपवॉच. वरच्या बटणाने काटा सुटतो आणि थांबतो, खालच्या बटणाने शून्यावर परततो. मुख्य घड्याळ चालूच राहते. चालत्या यंत्राला दुसरे यंत्र क्षणात जोडायचे आणि क्षणात सोडवायचे, हे यातले खरे कसब. मोटारीत हेच काम क्लच करतो, आणि घड्याळातही त्या भागाला क्लचच म्हणतात.

एकाच कुळातली दोन घराणी

या दोन घड्याळांची तुलना मला महत्त्वाची वाटते, कारण इतिहासाने इथे एक प्रयोग आपोआप करून ठेवला आहे. १० जानेवारी १९६९ रोजी झेनिथने ‘एल प्रिमेरो’ हे यंत्र जाहीर केले. ते स्वयंचलित होते, क्रोनोग्राफ होते आणि त्याचा बॅलन्स तासाला ३६,००० ठोके देत होता. म्हणजे सेकंदाला १०. पुढे क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली. १९७५ मध्ये झेनिथच्या तेव्हाच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळे बंद करून हत्यारे मोडीत काढायचे ठरवले. शार्ल व्हेर्मो या कारागिराने आदेश न जुमानता साचे, हत्यारे आणि टिपणे कारखान्याच्या माळ्यावर दडवून ठेवली. ऐंशीच्या दशकात एल प्रिमेरो पुन्हा उभे राहिले ते त्या माळ्यामुळे.

दुसरीकडे डेटोना १९६३ पासून बाजारात होते, पण चावीचे होते आणि फारसे खपत नव्हते. रोलेक्सला स्वयंचलित क्रोनोग्राफ यंत्र हवे होते, ते स्वतःकडे नव्हते. १९८८ मध्ये आलेल्या डेटोनात झेनिथचे एल प्रिमेरोच बसवले गेले. रोलेक्सने त्याचे सुमारे निम्मे भाग बदलले, तारीख काढली आणि ठोके ३६,००० वरून २८,८०० वर आणले. वेग कमी केला की झीज कमी होते आणि तेल जास्त टिकते, हा त्यामागचा विचार. २००० साली रोलेक्सने स्वतःचे यंत्र आणले, तोवर म्हणजे बारा वर्षे दोन्ही घराण्यांच्या घड्याळांत एकाच कुळाचे यंत्र चालत होते.

आणि डेटोनासाठी दुकानांत नावनोंदणीच्या रांगा लागल्या त्या नेमक्या याच काळात! त्याच कुळाचे यंत्र घेऊन झेनिथचे स्वतःचे घड्याळ शेजारच्या काचेत होते, त्याच्यासाठी तशी रांग लागली नाही. बांधकाम बरेचसे एक, मागणीत एवढी तफावत. जागेच्या किमतीचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

मावळच्या रस्त्यावर

पण आजची दोन घड्याळे १९८८ची नाहीत. आज यंत्रे वेगळी आहेत, म्हणून बांधकामही नव्याने मोजायला हवे. दोन परिचितांच्या सौजन्याने दोन्ही घड्याळे मला काही दिवस वापरायला मिळाली. ती मी आमच्याच परिसरात वापरून पाहिली.

पहिली कसोटी द्रुतगती मार्गाची. डेटोनाच्या कडेवर टॅकिमीटरची पट्टी कोरलेली आहे. एका किलोमीटरच्या फलकापाशी बटण दाबायचे, पुढच्या फलकापाशी थांबवायचे, काट्यासमोरचा आकडा हा ताशी वेग. ३६ सेकंद लागले तर १००. तळेगावच्या बाजूच्या सपाटीवर शेजारी बसलेल्या माणसाला हे छान जमते. पण ही पट्टी ४०० पासून ६० पर्यंतच आहे, कारण काट्याची एक फेरी ६० सेकंदांची. खंडाळ्याच्या घाटात गाडी ४५ वर आली की किलोमीटरला ८० सेकंद लागतात आणि पट्टी निरुपयोगी ठरते. अर्धा किलोमीटर मोजून आलेला आकडा निम्मा करायचा, ही युक्ती वापरावी लागते. फ्लोरिडातल्या शर्यतीच्या मैदानासाठी आखलेली पट्टी बोरघाटात अपुरी पडते, यात दोष कोणाचाच नाही.

झेनिथच्या कडेवर टॅकिमीटर नाहीच. तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाचे मोजमाप आहे. मधला काटा ६० नव्हे, १० सेकंदांत फेरी पुरी करतो. बटण दाबल्यावर तो भिंगरीसारखा पळतो तेव्हा पाहणाऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघतेच. यंत्र सेकंदाला १० ठोके देते, म्हणून ०.१ सेकंदाचे वाचन खरे आहे, नुसती सजावट नाही. डेटोना सेकंदाला ८ ठोके देते, त्यामुळे त्याची वाचनाची मर्यादा सेकंदाचा आठवा भाग. मात्र डोळ्याला फलक दिसून अंगठ्याने बटण दाबेपर्यंतच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. ०.२ सेकंद चुकले तर १०० च्या वेगात जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा फरक पडतो. झेनिथची सूक्ष्मता यंत्रात खरी आहे, पण हातात ती पोचत नाही.

दुसरी कसोटी डोंगराची. लोहगडवाडीतून गडावर जाऊन विसापूर करून भाजे लेण्यांपाशी उतरायचे, तर अर्धा दिवस जातो. डेटोनात ३० मिनिटांची आणि १२ तासांची तबकडी आहे, त्यामुळे सकाळी दाबलेले बटण दुपारी उतरल्यावर थांबवता येते. झेनिथची मोजणी ६० मिनिटांवर संपते. इथे क्लचचाही फरक कळतो. डेटोनातला क्लच उभा आहे, एक चकती दुसरीवर दाबून बसते. त्यामुळे काटा न दचकता सुटतो आणि क्रोनोग्राफ तासन्‌तास चालला तरी मुख्य घड्याळाच्या चालीवर फारसा ताण येत नाही. झेनिथने जुनी आडवी पद्धत ठेवली आहे, दातेरी चाक बाजूने सरकून दुसऱ्यात अडकते. पाठीच्या काचेतून ती हालचाल पाहण्यात मोठा आनंद आहे, पण दीर्घ मोजणीसाठी डेटोनाची रचना उजवी आहे. एका किल्लीत चालण्याची मुदतही डेटोनाची ७२ तास, झेनिथची ६०.

तिसरी कसोटी पावसाची. दोन्ही घड्याळे १०० मीटरपर्यंत जलरोधक म्हणून विकली जातात. पण डेटोनाची बटणे स्क्रूसारखी आवळून ठेवायची असतात; वापरायचे तर आधी दोन्ही सोडवा, मग दाबा, नंतर पुन्हा आवळा. आषाढात ओल्या बोटांनी हे करणे म्हणजे छत्री धरून चपलेचा पट्टा बांधण्यासारखे आहे. झेनिथचे बटण नुसते दाबायचे. हाताशी असणे हा स्टॉपवॉचचा धर्म मानला, तर इथे स्वस्त घड्याळ जिंकते.

हिशेब असा : लांब मोजणी, क्लच आणि टिकाऊपणा यांत डेटोना पुढे, सूक्ष्म वाचन, वापराची सोय आणि यंत्र पाहण्याचे सुख यांत झेनिथ पुढे. बांधकामाच्या किमतीत थोडे अंतर असायला हरकत नाही. दीडपटीचे अंतर या यादीतून निघत नाही. आणि दोन्हींचा तोरा उतरवायला काही शे-हजार रुपयांचे प्लास्टिकचे कॅसिओ पुरेसे आहे, ते सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते.

मनगटावरचा एनए प्लॉट

मग उरलेली किंमत कशाची? दुर्मिळतेची आणि लौकिकाची. ऑक्टोबर २०१७ मध्ये पॉल न्यूमन या नटाच्या हातातले डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांवर गेले, त्यानंतर हा लौकिक घरोघरी पोचला. आज नवे पोलादी डेटोना मागाल तेव्हा मिळत नाही आणि जुन्या बाजारात ते छापील किमतीच्या वर विकले जाते. झेनिथ बहुधा खाली विकले जाते.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा असता तर मी एवढा वेळ घालवला नसता. पण मावळात द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि दुसरी घरे यांसाठी जमिनी गेल्या आणि पैसा आला. त्यातला काही आता मनगटावर येऊ लागला आहे. तरुण मुले मला विचारतात, ‘‘काका, यातलं कुठलं घेऊ? पाच वर्षांनी काय भाव येईल?’’ आत काय आहे, असे अजून एकानेही विचारलेले नाही. आजोबांची जमीन विकून आलेला पैसा पुन्हा जागेच्याच किमतीत घालायचा, फक्त ही जागा मनगटाएवढी.

त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. एक, हा भाव सातबाऱ्यावर चढत नाही. २०२१ मध्ये जुन्या बाजारात डेटोनाचे भाव गगनाला भिडले आणि २०२२च्या उन्हाळ्यापासून घसरले; ज्यांनी शिखरावर घेतले, त्यांना दरी दिसली ती अशी. शिवाय भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. स्विस घड्याळांवरचे आयातशुल्क त्यात काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. आज दिलेल्या कराचा भाग उद्याच्या भावात धरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट, जमीन पडून राहिली तरी जमीनच राहते. यांत्रिक घड्याळाचे तेल मात्र सुकते. काही वर्षांनी ते पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून जोडावेच लागते. एचएमटीचे घड्याळ गावातला घड्याळजी दुकानात बसून उघडतो. या दोन्हींपैकी एकही त्याच्या हाती लागणार नाही, कारण सुटे भाग कंपनीच्या साखळीबाहेर सहज मिळत नाहीत. हा देखभालीचा खर्च दोन्हीकडे आहे आणि ‘पाच वर्षांनी काय भाव’ या प्रश्नात तो कोणीच धरत नाही.

माझे मत विचाराल तर, यंत्र म्हणून डेटोना अधिक पक्के आहे, आणि दिलेल्या पैशाला जागणारे घड्याळ झेनिथ आहे. त्यातही वापरलेले पण नीट राखलेले झेनिथ, कारण त्याच्या भावात जागेचा हिस्सा जवळजवळ उरलेला नसतो. डेटोना घ्यायचेच असेल तर जरूर घ्यावे, पण पावतीवरची कोणती रक्कम गवंड्याची आणि कोणती दरीची, हे मनाशी लिहून ठेवावे. लोणावळ्यात बंगला घेताना आपण हे न सांगता करतो. घड्याळ घेतानाही करायला काय हरकत आहे?