नाव आणि संख्या : ॲक्रिंग्टनच्या पलटणीविषयीच्या लेखनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : पहिले महायुद्ध, खंदकयुद्ध, स्थानिक पलटण, लष्करी दप्तर, मराठा पलटणी, स्मारके

प्रस्तावना :

पहिल्या महायुद्धाचा इतिहास दीर्घकाळ सेनापती, मोहिमा आणि तह यांच्या अनुषंगाने लिहिला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेला छेद देणारा एक प्रवाह इंग्लंडमध्ये निर्माण झाला. एखाद्या गावाने उभारलेली एकच पलटण घ्यावयाची, तिच्यातील सामान्य शिपायांचा माग काढावयाचा आणि त्यांच्या द्वारे खंदकातील युद्ध समजून घ्यावयाचे, अशी त्याची पद्धती होय. लँकशायर परगण्यातील ॲक्रिंग्टन या कापडगिरण्यांच्या गावातील पलटण हे या प्रवाहाचे सर्वाधिक परिचित उदाहरण आहे. या पलटणीविषयीच्या लेखनाने सामान्य शिपायाला इतिहासात कितपत आणले, त्याच्या कोणत्या बाजू दृष्टीआड केल्या आणि मराठा पलटणींच्या अभ्यासाला त्यातून कोणती दिशा मिळते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पलटणीची उभारणी आणि तिची कारणे :

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी स्वयंसैनिकांची नवी फौज उभारण्याचे आवाहन केले. एकाच गावातील, एकाच गिरणीतील वा एकाच आळीतील तरुणांनी एकत्र भरती व्हावे आणि एकत्रच लढावे, या कल्पनेतून ‘मित्रांच्या पलटणी’ निर्माण झाल्या. ॲक्रिंग्टनचे महापौर जॉन हारवूड यांनी पुढाकार घेतला आणि सप्टेंबर १९१४ मध्ये अवघ्या काही दिवसांत सुमारे १,१०० जणांची पलटण उभी राहिली. लष्करी दप्तरात ती ‘ईस्ट लँकशायर रेजिमेंटची ११ वी पलटण’ होती. लोकांच्या तोंडी मात्र ती गावाच्या नावानेच राहिली.

येथेच पहिला चिकित्सक प्रश्न उपस्थित होतो. हे तरुण केवळ देशप्रेमाने भरती झाले, अशी धारणा स्मरणसाहित्यात सर्वत्र आढळते. वस्तुतः त्या उन्हाळ्यात ॲक्रिंग्टन संकटात होते. गिरण्यांची यंत्रे बनविणाऱ्या हॉवर्ड अँड बुलो या गावातील सर्वांत मोठ्या कारखान्यात टाळेबंदी झाली होती आणि युद्धारंभीच्या मंदीमुळे कापडगिरण्यांतील कामही घटले होते. घरातील चूल थंडावलेली असताना लष्कराचा नियमित पगार आणि कुटुंबाला मिळणारा भत्ता यांचे आकर्षण कमी लेखता येत नाही. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास परिचित असलेल्या वाचकास बंद कारखाना आणि घरखर्च यांतील हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. याचा अर्थ देशप्रेम खोटे होते असा नाही; मात्र ‘स्वयंसैनिक’ या शब्दातील ‘स्वयं’ या अंशाची तपासणी केल्याशिवाय शिपायाचे चित्र पूर्ण होत नाही.

दुसरी बाब पलटणीच्या नावाची. तिच्या चार कंपन्यांपैकी एक चॉर्लीची व एक बर्न्लीची होती, तर आणखी एक आसपासच्या परिसरातील होती. म्हणजे ‘ॲक्रिंग्टनची पलटण’ हे नाव अनेक गावांवर पांघरलेले एक आच्छादन आहे. स्थानिक इतिहासाचा आग्रह धरणारे लेखनही जवळच्या लहान गावांना सहज विसरू शकते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

एका सकाळचे ओझे :

ही पलटण १९१५ च्या अखेरीस इजिप्तला आणि तेथून मार्च १९१६ मध्ये फ्रान्सला गेली. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी सेर या खेड्यावरील हल्ल्यात ती सहभागी झाली. मॅथ्यू, मार्क, ल्यूक आणि जॉन अशी नावे दिलेल्या चार लहान राईंच्या पुढील खंदकांतून शिपाई बाहेर पडले. आठवडाभराच्या तोफमाऱ्याने शत्रूचे काटेरी तारांचे कुंपण तुटलेले असेल, ही अपेक्षा फोल ठरली होती. हल्ल्यात सहभागी झालेल्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे एकूण ५७,४७० जण हताहत झाले. त्यांपैकी १९,२४० मृत्युमुखी पडले.

या आकड्यांचे वजन एवढे मोठे आहे की, पलटणीविषयीचे बहुतेक लेखन त्या सकाळपाशी येऊन थांबते. त्यातून दोन दोष उद्भवतात. पहिला असा की, ५८४ ही हताहतांची संख्या लोकस्मृतीत मृतांची संख्या बनते आणि जखमी होऊन जगलेले, पुढे पुन्हा आघाडीवर गेलेले किंवा अपंगत्व घेऊन गिरणीच्या दारात उभे राहिलेले शिपाई कथेतून गळून पडतात. दुसरा दोष खंदकयुद्धाच्या आकलनाशी संबंधित आहे. खंदकातील जीवन म्हणजे प्रामुख्याने हल्ला नव्हे. आघाडीच्या रांगेतील काही दिवस, मग आधाराच्या रांगेत, त्यानंतर पिछाडीस विश्रांती, अशी ती फेरपालट होती. खड्डे खणणे, पाणी उपसणे, ढासळलेल्या भिंती सावरणे, रात्री तारा बांधणे आणि रसद वाहणे हे तिचे नित्याचे रूप होते. गिरणीतील पाळीची सवय असलेल्या मजुराने हे श्रम कसे पेलले, हा प्रश्न त्या एका सकाळच्या तेजात झाकोळून जातो.

तीन लेखक, तीन दृष्टी :

मार्टिन मिडलब्रुक यांचा ‘द फर्स्ट डे ऑन द सोम’ हा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. मिडलब्रुक हे विद्यापीठीय इतिहासकार नव्हते. कुक्कुटपालन हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी शेकडो हयात शिपायांच्या आठवणी गोळा केल्या आणि सेनापतींच्या निर्णयांशेजारी त्या समान प्रतिष्ठेने मांडल्या. मौखिक साधनांना मिळालेली ही प्रतिष्ठा हे या ग्रंथाचे मोठे यश होय. मात्र ग्रंथाची रचनाच एका दिवसाभोवती असल्याने वर निर्देशिलेली मर्यादा त्यास जन्मतःच चिकटली आहे.

पीटर व्हेलन यांच्या १९८१ मधील ‘द ॲक्रिंग्टन पाल्स’ या नाटकाने रणांगणाकडून गावाकडे दृष्टी वळविली. भाजीपाल्याचा ठेला चालविणारी मे आणि तिच्या घरी राहणारा आदर्शवादी टॉम यांच्यातील अव्यक्त ओढ, तसेच मागे राहिलेल्या स्त्रियांचे काम, भीती आणि बातमीसाठीची तगमग हे या नाटकाचे द्रव्य आहे. युद्ध घरातही घडते, हे सत्य दप्तरात सापडत नाही. ते नाटककाराने कल्पनेने हस्तगत केले. तथापि, नाटकातील पात्रे काल्पनिक आहेत, ही जाणीव अभ्यासकाने सतत जागी ठेवली पाहिजे. गावाच्या शोकाविषयीच्या आपल्या कल्पना कागदपत्रांतून आल्या की रंगभूमीवरून, हे वेगळे करणे संशोधकाचे कर्तव्य आहे.

विल्यम टर्नर यांचा पलटणीवरील ग्रंथ १९८७ मधील. स्थानिक वृत्तपत्रे, छायाचित्रे आणि हयात शिपायांच्या कथनांतून त्यांनी गाव आणि पलटण यांचे नाते बारकाईने उभे केले. २०१३ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांनी याच पलटणीचा इतिहास युद्धाच्या अखेरपर्यंत नेला. हे विस्तारणे केवळ कालक्रमाचे नाही. सोमनंतर तुकडीत दुसऱ्या ठिकाणांहून भरणा झाला आणि तिचे ‘गावाचे’ रूप पातळ होत गेले. १९१८ चा शिपाई हा १९१४ च्या शिपायाचा शेजारी असेलच असे राहिले नाही. म्हणजे ‘स्थानिक पलटण’ हीदेखील स्थिर वस्तू नसून काळाबरोबर झिजणारी वस्तू आहे, हे या विस्तारामुळे स्पष्ट होते.

नाव कोणी जपले?

या सर्व लेखनाच्या मुळाशी साधनांचा प्रश्न आहे. पलटणीची युद्धदैनंदिनी अधिकारी लिहीत. तिच्यात अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपाई मात्र बहुधा ‘इतर दर्जे’ या सदराखाली संख्येने मोजले जातात. शिपायांच्या वैयक्तिक सेवापत्रकांपैकी सुमारे साठ टक्के पत्रके सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळून गेली. असे असूनही ॲक्रिंग्टनच्या शिपायाला चेहरा आहे, कारण गावात वृत्तपत्र होते. ते शिपायांची पत्रे छापत होते, मृतांची छायाचित्रे प्रसिद्ध करीत होते आणि कोण कोणत्या गिरणीत कामाला होता, हे नोंदवीत होते. चर्चच्या आणि शाळांच्या याद्याही होत्या. यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते : लष्कराने संख्या जपली, नाव गावाने जपले.

हे अनुमान मराठा पलटणींकडे वळविले असता त्याची तीव्रता वाढते. या पलटणीही प्रादेशिक भरतीच्याच होत्या. कोकणातील आणि देशावरील शेतकरी घरांतून त्यांची माणसे येत. पुणे या नावाच्या ६ व्या डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुतच्या वेढ्यात अडकल्या. तेथेही खंदक होते, चिखल होता, तोफमारा होता. त्यांच्या जोडीला उपासमार होती आणि शरणागतीनंतरची कैद होती. सेरचा हल्ला एका सकाळचा. कुतचा वेढा जवळपास पाच महिन्यांचा. परंतु कुतमधील मराठा शिपायांविषयी ॲक्रिंग्टनसारखे लेखन उभे राहिलेले नाही.

कारण साधनांच्या विषम वाटणीत आहे. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. दोन वर्षांनी बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश मृतांची नावे आली, भारतीय अधिकाऱ्यांची आली. भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या आली. एकाच फौजेतील शिपायाला युरोपच्या दृष्टीसमोर नाव मिळाले आणि त्या दृष्टीआड आकडा मिळाला. या विषमतेची अधिकृत कबुली राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने दिली. आशियाई व आफ्रिकी मृतांपैकी किमान १,१६,००० जणांचे नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असा त्यातील अंदाज आहे.

खेड्याखेड्यांतील संगमरवरी पाट्यांची स्थितीही विचारणीय आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके परत आले नाहीत, अशा आशयाच्या पाट्या आढळतात. गावाचे नाव आहे, संख्या आहे. माणसाचे नाव नाही. म्हणजे जे काम ॲक्रिंग्टनमध्ये गावाने केले, ते येथे गावाच्या वतीने सरकारने केले आणि सरकारी रीतीनेच केले.

निष्कर्ष :

१. ॲक्रिंग्टनविषयीच्या लेखनाने सामान्य शिपायाला इतिहासाचा विषय बनविले. मात्र १ जुलै १९१६ च्या प्रभावामुळे त्याचे श्रम, त्याची भरतीमागील गरज आणि युद्धोत्तर आयुष्य दुय्यम राहिले.

२. साधनांची विपुलता ही शौर्याची वा त्यागाची मोजपट्टी नव्हे. ज्याच्याविषयी अधिक लिहिले गेले, त्याच्या गावात छापखाना होता, एवढेच कधी कधी त्यातून सिद्ध होते.

३. मराठा पलटणींच्या अभ्यासासाठी इंग्रजी नमुन्याचे अनुकरण पुरेसे ठरणार नाही. तेथे आठवणी सांगणारे हयात होते. येथे ती पिढी संपली आहे. म्हणून गावातील पाटी, घरातील पदक आणि त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक व नाव, निवृत्तिवेतनाचे कागद, सातबाऱ्यावरील वारसनोंद आणि घराण्यात चालत आलेली हकीकत यांची सांगड घालावी लागेल. महाविद्यालयातील विद्यार्थी ज्या गावांतून येतात, तीच गावे या कामाची पहिली दप्तरे आहेत.

ॲक्रिंग्टनच्या लेखकांपासून घ्यावयाचा धडा पद्धतीपेक्षा आग्रहाचा आहे. ‘इतर दर्जे’ या दोन शब्दांवर समाधान न मानता त्यांमागील माणूस कोण, हे विचारीत राहण्याचा तो आग्रह. पाटीवरील आकड्यामागे एखादे नाव शोधून ते मांडणे, हे अशा संशोधनाचे किमान आणि पुरेसे साफल्य होय.