फिरती वर्तुळे आणि शृंखलानियम

शृंखलानियम शिकविताना दातेरी चाकांचा दृष्टान्त देण्याची प्रथा रूढ आहे. पहिल्या चाकाच्या एका फेऱ्यात दुसरे तीन फेरे घेते, दुसऱ्याच्या एका फेऱ्यात तिसरे दोन. म्हणून पहिल्याच्या एका फेऱ्यात तिसऱ्याचे सहा. दृष्टान्त सुबोध खरा. परंतु त्यातील गुणोत्तरे अचल असल्यामुळे नियमाचा गाभाच निसटतो. प्रत्येक दर कोणत्या स्थानी मोजावयाचा, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. विद्यार्थी गुणाकार तेवढा लक्षात ठेवतो आणि बाहेरील फलनाचा अवकलज आतील फलनाच्या त्या क्षणीच्या मूल्यावर घ्यावयाचा असतो, हे विसरतो.

मुदखेड जंक्शनावर वाफेची एंजिने ये-जा करीत, त्या काळी याहून सरस दृष्टान्त फलाटावरूनच दिसे. चाक एकसारख्या वेगाने फिरत असले, तरी दांड्याने त्याला जोडलेला दट्ट्या दोन्ही टोकांशी क्षणभर थांबे आणि मध्याच्या सुमारास सर्वांत वेगाने सरके. कोन वाढण्याचा दर एकच. कोनागणिक सरकण्याचा दर मात्र क्षणोक्षणी निराळा.

हाच विचार गणितात उतरलेला पाहावयाचा, तर भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’कडे (११५०) वळावे लागते. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकीकत आहे. ग्रंथातील योजनेनुसार मध्यम सूर्य मोठ्या वर्तुळावर फिरतो व त्याच्याभोवती लहान नीचोच्चवृत्त कल्पिले जाते. मोठ्याचा परिघ ३६० अंश धरल्यास लहानाचा १३ अंश ४० कला. मंदकेन्द्र, म्हणजे उच्चापासूनचे कोनीय अंतर, दररोज सुमारे ५९ कला ८ विकला वाढते. या केन्द्रगतीला कोटिफलाने गुणून त्रिज्येने भागले, की गतिफल मिळते. येथे तीन दुवे आहेत: केन्द्राची गती, त्या केन्द्रस्थानी ज्येच्या वाढीचा दर, आणि दोन परिघांचे गुणोत्तर. मधला दुवा कोटिज्येवर अवलंबून असल्यामुळे चल आहे. सूर्याचे गतिफल २ कला १५ विकलांच्या आसपासपर्यंत वाढते आणि मंदफल जेथे परम, तेथे शून्य होते. हा शेवटचा निष्कर्ष भास्कराचार्यांनी स्वतःच नमूद केला आहे.

एवढ्यावरून शृंखलानियम त्यांनी शोधला, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. फलनाची सामान्य कल्पना तेथे नाही. कोटिज्येचा असा उपयोग त्यांच्यापूर्वी दहाव्या शतकात मुंजालानेही केलेला आहे. शिवाय ज्येवरून चाप काढण्याचा चौथा दुवा मंदगतीच्या रीतीत गाळलेला आहे. सूर्याचे मंदफल सव्वादोन अंशांच्या आतच राहते आणि ते परम असताना कोटिज्या शून्य असते. म्हणून त्या उणिवेचा परिणाम नगण्य होतो. जेथे फल मोठे, त्या शीघ्रकर्मात मात्र ते निराळी व अचूक रीत देतात. गाळलेल्या दुव्याचे महत्त्व त्यांना अवगत होते, असे यावरून अनुमान निघते.

त्यांचे खरे श्रेय ‘तात्कालिक’ या शब्दात आहे. चंद्राची गती मोठी व क्षणोक्षणी पालटणारी असल्यामुळे तिथ्यन्त साधताना दिवसाची सरासरी गती पुरत नाही, हे त्यांनी बजावले. दातेरी चाके गुणाकार शिकवितात; तो गुणाकार कोणत्या क्षणीचा, हे नीचोच्चवृत्त शिकविते. अध्यापनात पहिल्या दृष्टान्तावर थांबणे म्हणजे नियमाचे अर्धेच अंग दाखविणे होय.