अरंगेत्रम् आणि शब्दार्थाचा प्रश्न : नाशिकच्या संदर्भात

भरतनाट्यम् शिकणाऱ्या विद्यार्थिनीचा पहिला स्वतंत्र नृत्यप्रयोग म्हणजे अरंगेत्रम्. 'अरंगु' म्हणजे रंगमंच व 'एट्रम्' म्हणजे आरोहण, असा या तमिळ संज्ञेचा अर्थ आहे. मराठीत तिच्यासाठी 'रंगमंचप्रवेश' हा शब्द रूढ झाला आहे. नाशिक शहरी महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या ठिकाणी असे प्रयोग होतात आणि त्यांस रसिकांइतकीच आप्तेष्टांचीही उपस्थिती असते. त्यांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा अभिनंदनपर असते. विद्यार्थिनीचे परिश्रम आणि गुरूचा ध्यास पाहता हे कौतुक अस्थानी नाही. तथापि अरंगेत्रम् ही मूलतः परीक्षा आहे, आणि तिचे निकष कोणते हे ठरविण्याची जबाबदारी समीक्षेला टाळता येत नाही.

या परीक्षेचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन वर्णन 'शिलप्पदिकारम्' या तमिळ महाकाव्यात आढळते. नायिकेची प्रतिस्पर्धी असलेली नर्तकी माधवी पाचव्या वर्षी शिक्षणास आरंभ करते, सात वर्षे अभ्यास करते आणि बाराव्या वर्षी चोळ राजासमोर रंगमंचावर येते. मंच सात कोल रुंद, आठ कोल लांब आणि एक कोल उंच असावा, एवढा तपशील कवीने दिला आहे. परंतु त्याहूनही लक्षणीय भाग वेगळा आहे. माधवी नाचू लागण्यापूर्वी कवी नृत्याचार्य, गायक, गीतकार, मृदंगवादक, वेणुवादक आणि याळवादक यांची लक्षणे क्रमाने सांगतो. नृत्याच्या पारखीत गीतकाराला स्वतंत्र स्थान दिलेले आहे, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. नर्तकी ज्या शब्दांवर अभिनय करणार, ते शब्द रचणाऱ्याची योग्यताही त्या परीक्षेचे एक अंग मानली गेली होती.

आज अरंगेत्रमात जो क्रम पाळला जातो, त्याला 'मार्गम्' म्हणतात. त्याची सिद्धता तंजावर दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केली. अलारिप्पूत केवळ तालाचे बोल असतात, जतिस्वरात स्वर असतात, आणि शब्दम् या तिसऱ्या रचनेपासून अर्थवाही शब्द प्रवेश करतो. वर्णम् हा या क्रमाचा गाभा होय. त्यात नृत्त आणि अभिनय आळीपाळीने येतात व पुष्कळदा अर्धा तास किंवा अधिक काळ नर्तकीला विश्रांती मिळत नाही. त्यानंतर अभिनयप्रधान पदे येतात आणि वेगवान तिल्लान्याने शेवट होतो.

या क्रमाकडे निकषाच्या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, नाशिकसारख्या मराठी नगरातील विद्यार्थिनीची तयारी नृत्तात बहुधा निर्विवाद असते. अरमंडी टिकते, पदाघात स्पष्ट पडतात, तीर्मानम् समेवर अचूक येते. नृत्ताला भाषेची अडचण नसते. कस लागतो तो वर्णम् आणि पदम् यांत. कारण तेथे तमिळ किंवा तेलुगू ओळ पुनःपुन्हा गायिली जाते आणि प्रत्येक आवर्तनात तिचा निराळा भावार्थ नर्तकीने उलगडून दाखवावयाचा असतो. यालाच 'संचारी' म्हणतात. ज्या ओळीचा केवळ सारांश विद्यार्थिनीच्या वहीत उतरवून घेतलेला आहे, ती ओळ तिला कितीशी उलगडता येणार? परिणामी गुरूने बसवून दिलेल्या संचारी ती क्रमाने सादर करते. हस्तमुद्रा शुद्ध असतात, परंतु गायकाने एखाद्या शब्दावर दिलेला आघात आणि नर्तकीची दृष्टी यांचा मेळ पडत नाही.

ही उणीव किती सूक्ष्म असते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रात्रभर अन्यत्र राहून पहाटे परतलेल्या नायकाला खंडिता नायिका मराठीत 'या, बसा' असे म्हणाली, तर त्या आदरार्थी बहुवचनातील उपरोध कोणत्याही मराठी मुलीला समजावून सांगावा लागत नाही. तो तिच्या भिवईत आपोआप उतरतो. क्षेत्रय्याच्या तेलुगू पदांतील मानिनी नायिकाही अशाच भाषिक छटांतून बोलते. मराठी विद्यार्थिनीला मात्र सारांशातून 'नायिका रागावली आहे' एवढेच कळते आणि ती सरळ राग दाखविते. उपरोध व क्रोध यांतील हे अंतर म्हणजेच अभिनयाचे मर्म होय.

भाव हा भाषातीत असतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. रसिकांच्या बाजूने तो काही अंशी खरा आहे. भाषा न कळताही प्रेक्षक हेलावतो. परंतु प्रयोगकर्त्याच्या बाजूने तो टिकत नाही. टी. बालसरस्वती (१९१८–१९८४) यांच्या अभिनयाची थोरवी जगाने मान्य केली. त्या वीणा धनम्माळ यांच्या घराण्यातील होत्या व नाचता नाचता स्वतः गातही असत. पदाचा शब्द त्यांच्या कंठात होता, म्हणून तो त्यांच्या मुद्रेत इतक्या सहजतेने विस्तार पावत असे. त्यांचा अभिनय भाषेपलीकडे पोहोचत असे, परंतु त्याचा उगम भाषेतच होता.

लेखी व तोंडी परीक्षांनी ही उणीव भरून निघत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ साली स्थापन झाले. त्याच्या विशारद, अलंकार आदी परीक्षा संगीताप्रमाणे नृत्यातही घेतल्या जातात. पलुस्करांचे उत्तरायुष्यातील वास्तव्य नाशिकला पंचवटीत होते, त्यामुळे या परीक्षापद्धतीशी शहराचे नाते जुने आहे. परंतु परीक्षा ज्ञानाची नोंद घेते. ते ज्ञान आत्मसात झाले की नाही हे रंगमंचावरच कळते, आणि ते दाखविता येईल अशी भाषा विद्यार्थिनीला मिळणे आवश्यक असते.

विशेष म्हणजे ही भाषा परंपरेबाहेरून आणण्याची गरज नाही. चार बंधूंना आश्रय देणारे दुसरे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८–१८३२) हे मराठी राजे होते, आणि त्यांच्या नावे नृत्यासाठी रचलेली मराठी 'निरूपणे' तंजावरच्या हस्तलिखितांत जपली गेली आहेत. निरूपणात वर्ण, पद, तिल्लाना इत्यादी अठरा रचनाप्रकार येतात व त्या सर्वांतून एकच कथासूत्र चालते. प्रचलित मार्गम् मधील प्रत्येक रचनेचा विषय स्वतंत्र असतो; निरूपणात नायिकेची एकच मनोवस्था टप्प्याटप्प्याने वाढत जाते. अभिनय शिकणाऱ्या तरुण विद्यार्थिनीला ही रचना अधिक उपकारक ठरेल, यात संशय नाही. आचार्य पार्वतीकुमार यांनी या निरूपणांचा अभ्यास करून त्यांना नृत्यरूप दिले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर सादर केली, आणि पुढे हिंदुस्थानी संगीताच्या आधारे 'नृत्यगंगा' ही रचनापरंपरा उभी केली. इतके कार्य झालेले असूनही महाराष्ट्रातील अरंगेत्रमात निरूपणाला नित्याचे स्थान मिळालेले नाही, ही खेदाची बाब आहे.

तमिळ व तेलुगू रचना वगळाव्यात, असा याचा अर्थ कोणी करू नये. त्यांचे संगीतसौंदर्य व लयबंध यांना पर्याय नाही, आणि वर्णमाची शिस्त त्यांतूनच अंगी बाणते. अपेक्षा दोनच आहेत. पहिली ही की, विद्यार्थिनीने जी पदे निवडली असतील त्यांचा शब्दशः अर्थ, वाक्यरचना आणि संबोधनांतील छटा तिला नृत्य बसविण्यापूर्वी शिकविल्या जाव्यात. दुसरी ही की, तिच्या अरंगेत्रमात निदान एक अभिनयप्रधान रचना तिला अंतर्बाह्य कळणाऱ्या भाषेत असावी. नाशिकला यासाठी आणखी एक अनुकूलता आहे. स्वाती तिरुनाळ (१८१३–१८४६) यांची 'भावयामि रघुरामम्' ही संस्कृत रचना रामायणातील कांडांच्या क्रमाने रामकथा सांगते व भरतनाट्यमात ती आवडीने केली जाते. तिच्यातील अरण्यकांड ज्या पंचवटीत घडल्याचे मानले जाते, तेथील मुलीला सुवर्णमृगाची कथा सारांशरूपाने सांगावी लागत नाही. संस्कृत शब्दांचा मराठीशी असलेला संबंध तिला अर्थापर्यंत नेतो, आणि परिचित कथेमुळे संचारीत स्वतःची भर घालण्याचे धैर्य तिला येते.

अरंगेत्रमाचे मूल्यमापन करताना कार्यक्रम निर्विघ्न पूर्ण झाला काय, हा प्रश्न पुरेसा नाही. गायक तीच ओळ चौथ्यांदा गाऊ लागला असता नर्तकीने त्या ओळीत पूर्वी न दाखविलेले काही दाखविले काय, हे पाहिले पाहिजे. शिकविलेले संपून विद्यार्थिनीचे स्वतःचे जेथे सुरू होते, तो क्षण कितीही अल्प असला तरी तिचा खरा रंगमंचप्रवेश तेथे होतो. तो घडावा यासाठी तिला आधी शब्द कळले पाहिजेत, आणि ते कळविण्याचे दायित्व गुरूइतकेच तिच्या नृत्याविषयी लिहिणाऱ्यांचेही आहे.