आजीचा वारसा : दोन भयपटांच्या निमित्ताने

भयपटाचे रूप अलीकडे पार पालटले आहे. पूर्वी पडक्या हवेलीत पांढऱ्या साडीतील स्त्री मेणबत्ती घेऊन फिरत असे. प्रेक्षक किंचाळत आणि मध्यंतरात निवांतपणे वडा खात. आता भूत बाहेरून येत नाही, ते घरातच असते, आणि बहुधा आई, बाप किंवा आजी यांच्या चेहऱ्याने वावरते. असा चित्रपट पाहून मनुष्य घाबरत नाही, थकतो. आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवली भागातील मुले लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या मोबाईलवर असले चित्रपट पाहतात आणि रविवारी मिस्सेनंतर आम्हांस विचारतात, ‘फादर, असला सिनेमा पाहणे पाप आहे का?’ पाप-पुण्याचा निवाडा करण्याआधी कलाकृती म्हणून तिची योग्यता पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भरतमुनींनी भयानक आणि करुण हे दोन वेगळे रस मानले. भय आणि शोक हे त्यांचे वेगवेगळे स्थायिभाव. अ‍ॅरिस्टॉटलने मात्र शोकांतिकेच्या विचारात भय आणि करुणा यांची सांगड घातली. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. कुटुंबाच्या दुःखावर बेतलेल्या भयपटाला तीच कसोटी लावावी असे आम्हांस वाटते : पडद्यावरच्या भयातून त्या माणसांविषयी करुणा उपजते की नाही?

२०१८ साली दोन चित्रपट आले. एक राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’, दुसरा अमेरिकेतील अ‍ॅरी अ‍ॅस्टर यांचा ‘हेरेडिटरी’. दोघांचेही हे दिग्दर्शक म्हणून पहिले पूर्ण लांबीचे चित्रपट, आणि दोहोंच्या मुळाशी एक आजी आहे.

‘तुंबाड’ हिंदीत असला तरी त्याचे हाडमांस मराठी आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, भयाचे बीज नारायण धारपांच्या कथेतले. धारपांची पुस्तके एके काळी वाचनालयातून रांग लावून नेली जात आणि तरीही समीक्षकांनी त्यांना ओसरीवरच बसवून ठेवले, हे येथे नमूद करावेसे वाटते. कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत चालते. कोकणातल्या सततच्या पावसात एक विधवा आपल्या दोन मुलांसह राहते. घरात साखळदंडाने बांधलेली शापित म्हातारी आहे, जी मरत नाही. धाकटा मुलगा अपघातात दगावतो. आई थोरल्या विनायकाला घेऊन पुण्याची वाट धरते आणि पुन्हा तुंबाडला न येण्याचे वचन त्याच्याकडून घेते. तो परततो, हे सांगायला नकोच.

वाड्याच्या पोटात हस्तर आहे. त्याच्यापाशी सोने आहे, पण अन्नाला तो वंचित आहे. पिठाची बाहुली पुढे टाकून तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातील मोहरा उचलायच्या, हा विनायकाचा व्यवसाय. आम्हांस चित्रपटातील सर्वांत भयंकर प्रसंग हस्तराचा वाटला नाही. बाप आपल्या पोराला, पांडुरंगाला, या चोरीचा सराव करवून घेतो, तो वाटला. दोर कसा धरावा, किती चपळाई करावी, हे तो त्याला अशा आस्थेने शिकवतो की दुसऱ्या घरात बाप पोहणे किंवा सायकल शिकवील. त्यात माया आहे आणि विषही आहे, आणि दिग्दर्शकाने दोहोंना वेगळे काढलेले नाही. पुढे पोर बापाच्याही वरताण युक्ती काढते : एका वेळी अनेक बाहुल्या न्याव्यात आणि लंगोटच पळवावा. तेव्हा विनायकाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्याला अभिमान म्हणावे की धास्ती?

वाचकहो, ही कथा आपल्यापासून दूर नाही. घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा जेथे भातशेती होती तेथे आता उंच इमारती आहेत. जमिनीचा भाव चढला तसे घराघरांतले बोलणे बदलले. बापाच्या महिन्याच्या मिस्सेला सख्खे भाऊ वेगवेगळ्या बाकांवर बसलेले आम्ही पाहिले आहेत. मध्ये आई, आणि तिने कोणाकडे पाहावे हे तिला कळत नाही. त्या बाकांमधली मोकळी जागा ‘तुंबाड’ने बरोबर ओळखली आहे.

शेवटी शापित झालेला विनायक लंगोट मुलापुढे धरतो. मुलगा तो घेत नाही. रडत रडत बापाला अग्नी देऊन त्या यातनेतून सोडवतो. विनायकानेही पूर्वी त्या म्हातारीला असेच सोडविले होते, परंतु रहस्याच्या मोबदल्यात. पांडुरंग काहीच मागत नाही. भय आणि करुणा येथे एकाच ज्वाळेत दिसतात. म्हातारी आणि पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालकलाकाराने केल्या आहेत, हे कळल्यावर तर शाप आणि सुटका एकाच देहात असल्याचा प्रत्यय येतो.

‘हेरेडिटरी’त आजीच्या अंत्यविधीने आरंभ होतो. पुढे धाकटी मुलगी अपघातात जाते. गाडी थोरला भाऊ चालवीत असतो. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर आई आणि मुलगा एकमेकांवर जे शब्द टाकतात, तो प्रसंग टोनी कॉलेट या अभिनेत्रीने असा वठविला आहे की मूल गमावलेल्या घरात बसून आल्यासारखे वाटते. अशा घरांत आम्ही जातो. तेथील शांतता नेमकी तशीच असते. मात्र चित्रपट पुढे सांगतो की हे सर्व सैतानाच्या उपासकांनी आधीच ठरविलेले होते. आईचा राग, भावाचा अपराधभाव, काहीच त्यांचे उरत नाही. ती माणसे आईने बनविलेल्या छोट्या घरांतील बाहुल्या ठरतात. सैतानाला मानणाऱ्या आमच्यासारख्यालाही हे पटत नाही. माणसाला निवडीचा हक्कच नसेल तर त्याच्यासाठी शोक कसला करायचा? प्रेक्षक दमतो आणि हाती काही लागत नाही.

‘लपाछपी’चा उल्लेख येथे केलाच पाहिजे. विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. उसाच्या शेतांनी वेढलेल्या घरात एक गरोदर स्त्री अडकते, आणि ‘मुलगी नको’ हा हट्ट हेच तेथील भूत. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४. चित्रपट कलादृष्ट्या ‘तुंबाड’इतका उंच नाही, अखेरीस त्याचा उपदेश जरा मोठ्या आवाजात होतो. पण पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्यातील प्रसंग पाहताना, सासरच्या प्रेमळ जेवणातही धाक कसा कालवलेला असतो, हे कोणत्याही सुनेला ओळखू येईल.

तेव्हा मुलांना आम्ही सांगतो : ‘तुंबाड’ पाहा, थोरल्या मुलांनी आईबापांसोबत पाहा, आणि घरी आल्यावर जमिनीचा विषय निघाला तर टाळू नका. ‘हेरेडिटरी’ पाहायची असेल तर एकट्याने, रात्री लोकलमध्ये पाहू नका. आणि ज्या घरात नुकतेच मूल गेले आहे, तेथे या दोहोंपैकी एकाचेही नाव काढू नका. तेथे नुसते जाऊन बसा.