स्मार्ट मीटर, नवा कायदा आणि कर्मचारी

जालना जिल्ह्याला वीज पुरवणारी महावितरण कंपनी राज्यभर स्मार्ट मीटर बसवीत आहे. हा मीटर साधारण अर्ध्या तासाला वीजवापर नोंदवून दूर पाठवतो. नोंदींचा आलेख काढला, तर घर केव्हा जागे होते, केव्हा बंद असते याचा अंदाज येतो. (शाळेच्या मीटरचे तासातासाचे आकडे घेऊन विद्यार्थ्यांकडून आलेख काढून घ्यावा, शाळा केव्हा सुटली ते दिसेल.)

हा आलेख कंपनीत कोण पाहणार? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संस्थेला जबाबदार धरतो. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ग्राहकालाही खोटी तक्रार न करण्यासारखी कर्तव्ये आहेत आणि ती मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड! पण प्रत्यक्ष माहिती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यावर वेगळे कर्तव्य नाही, आणि गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षणही नाही. ही उणीव मला गंभीर वाटते.

घरगुती कॅमेरे विकणाऱ्या ‘रिंग’ या अमेरिकी कंपनीचे उदाहरण पाहा. तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या २०२३ च्या तक्रारीनुसार, २०१७ मध्ये एका कर्मचाऱ्याने किमान ८१ महिलांची हजारो चित्रणे पाहिली. ते कोणत्याही यंत्रणेने नव्हे, तर एका सहकारी महिलेने पकडले. अभियंत्याने इतकी खाती पाहणे नेहमीचेच आहे, असे वरिष्ठाने तिला आधी सांगितले.

आपल्याकडील २०२५ च्या नियमांनुसार, माहिती कोणी पाहिली याच्या नोंदी वर्षभर ठेवायच्या आहेत. हे योग्यच. मात्र त्या वाचून ‘नेहमीचेच’ म्हणणाऱ्या वरिष्ठाबद्दल कायदा काही बोलत नाही.