परका ठरवणारं काम

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात वासुदेव पवार एकदाही दिसत नाही. खटला मात्र त्याच्याच मृत्यूचा आहे. मुंबईच्या गटारांत उतरून काम करणारा हा माणूस मॅनहोलमध्ये मेलेला सापडतो. सफाई कामगारांनी गटारात जीव द्यावा अशा अर्थाचं गाणं म्हणून त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप शाहीर नारायण कांबळेवर येतो. पवार कसा जगला ते आपल्याला त्याच्या बायकोच्या साक्षीतून कळतं. उतरण्याआधी तो गटारात खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर खाली हवा आहे असं समजायचं. वायूनं त्याचा एक डोळा गेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो प्यायचा. संरक्षणाची साधनं त्याच्याकडे नव्हती. बाई हे सगळं रेशनच्या रांगेत उभं राहून सांगावं इतक्या साध्या सुरात सांगते.

‘कोर्ट’वर भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि ते बहुतेक न्यायव्यवस्थेच्या अंगानं. मला त्यातल्या एका दुसऱ्याच प्रसंगाकडे बोट दाखवायचं आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) सुट्टीच्या दिवशी नवरा-मुलांसह एक मराठी नाटक बघायला जाते. नाटकात मुलीचा बाप तिच्या उत्तर भारतीय मित्राला घराबाहेर काढतो, परप्रांतीयांवर एक झणझणीत भाषण ठोकतो, आणि नाट्यगृह टाळ्यांनी दुमदुमतं. नूतनचं कुटुंबही खूश. हीच नूतन कोर्टात शाहिराविरुद्ध उभी आहे. म्हणजे एकाच चित्रपटात रंगमंचावर ‘आपला’ माणूस बाहेरच्याला हाकलतो आहे आणि कोर्टात एका पवारच्या मरणाचा हिशेब चालला आहे. आता पवार हे आडनाव कुठल्या परप्रांतातलं?

‘ही कामं आपली माणसं करत नाहीत, म्हणून बाहेरचे येतात’ हे वाक्य मी मुंबईत ऐकत मोठी झाले आणि आता बंगळुरात कन्नडमधून ऐकते. बाहेरच्यांना शिव्या घालणारे ते म्हणतात, आणि बाहेरच्यांची बाजू घेणारेही तेच म्हणतात. दोघांच्याही ‘आपली माणसं’मध्ये वासुदेव पवार नसतो. त्याचे बापजादे ती कामं करत आले, पण ते मोजायचे राहून जातात. मला वाटतं हे वाक्य उलट्या बाजूनं वाचायला हवं. बाहेरचा माणूस येऊन हे काम करतो हे खरं असेलही. पण ते काम करणारा बाहेरचा ठरतो, हे त्याहून जुनं आहे.

याचा सगळ्यात सरळ पुरावा बंगळुरातच मिळतो. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात शेडमधली वस्ती पाडली गेली. तिथे बेकायदा बांगलादेशी राहतात, असं सांगितलं गेलं. वस्तीत राहणारे लोक घरकाम, बांधकाम, पहारा असली कामं करणारे. आधार आणि मतदार ओळखपत्रं घेऊन ते पुढे आले, तेव्हा त्यांत आसाम, त्रिपुराचे होते तसेच उत्तर कर्नाटकातले, घरात कन्नड बोलणारे लोकही होते. कर्नाटक उच्च न्यायालयानं या कारवाईवर ताशेरे ओढले. ते ओढले जाण्याआधी मात्र कर्नाटकातलाच माणूस कर्नाटकाच्या राजधानीत परदेशी ठरून बेघर झाला होता, तो त्याच्या भाषेवरून नव्हे. मी मराठी, माझं कन्नड अडखळतं, रिक्षावाले त्यावरून दोन शब्द सुनावतात, पण घुसखोर मला कुणी म्हटलेलं नाही. भाषांतर हे टेबलावर बसून करायचं काम आहे.

चारच महिन्यांनी, मे २०२०च्या टाळेबंदीत, याच शहरातून मजुरांना गावी नेणाऱ्या गाड्या राज्य सरकारनं रद्द करायला सांगितल्या. त्याआधी मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली होती. आरडाओरडा झाल्यावर दोन दिवसांत निर्णय फिरवावा लागला. जानेवारीत नको असलेला माणूस मे महिन्यात सोडवेना.

‘कोर्ट’बद्दल माझी एक तक्रार आहे. नाटकाचा प्रसंग इतका ढोबळ आहे की तो आपल्यासारख्या प्रेक्षकाला मोकळा सोडतो. नूतन लोकलनं प्रवास करते, संध्याकाळचा स्वयंपाक करते, टाळ्या वाजवते. तिच्यावर हसणं सोपं आहे. बचावाचा वकील व्होरा सुपरमार्केटमध्ये वाइन आणि चीज घेतो, त्याच्यावरही दिग्दर्शकाची नजर तिरकी आहे, पण तिथे सभागृहात हशा पिकत नाही. इथल्या एका वाचनगटात आम्ही हा चित्रपट पाहिला, तेव्हा चर्चा नूतनवर आणि मराठी अस्मितेवर झाली. आमच्या इमारतींचा मैला उपसायला टँकर येतो, त्याच्याबरोबर कोण येतं, हा विषय निघाला नाही. एका मल्याळी मैत्रिणीनं मात्र नेमकं विचारलं, ‘यात कोण कुठल्या भाषेत बोलतंय?’ मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी या सगळ्यांना उपशीर्षकांनी एकाच इंग्रजीत बसवलं होतं. परका कोण हा प्रश्न ज्या चित्रपटात भाषेवरून चालतो, त्यात भाषाच ऐकू येत नसेल तर अर्धा चित्रपट गेला.

याच मैत्रिणीमुळे मी तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘तोट्टियुडे मकन’ (१९४७) ही कादंबरी पुन्हा काढली. आर. ई. ॲशर यांच्या इंग्रजी भाषांतरातून मी ती वाचते. आळप्पुळ्ळा शहरात मैला वाहणाऱ्यांच्या तीन पिढ्या. इशक्कुमुत्तू, त्याचा मुलगा चुडलमुत्तू, आणि नातू मोहनन. पहिली दोन नावं ऐकली की तमिळ कळते, आणि केरळच्या वाचकाला तर ती लगेच ‘बाहेरची’ वाटतात. चुडलमुत्तू या शहरातच वाढतो, पण त्याचं परकेपण संपत नाही. मुलाला तोट्टी होऊ द्यायचं नाही या एका वेडापायी तो पैसे साठवतो, आपल्याच लोकांच्या संघटनेला दगा देतो, आणि मुलाचं नाव मोहनन ठेवतो. या नावावरून त्याची थट्टा होते. तोट्ट्याच्या पोराला हे नाव? कादंबरीतला मला सगळ्यात हलवून टाकणारा भाग हाच आहे. चांगलं नाव हीसुद्धा घुसखोरी ठरते.

इथे बाबूराव बागूल आठवतातच. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३च्या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेचा निवेदक नोकरीसाठी उधन्याला जातो. नवं गाव, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. बाहेरचं असणं ही त्याच्यासाठी संधी असते. जात कळते तेव्हा मार पडतो. चुडलमुत्तू बाहेरचा असल्यामुळे अडकतो, बागुलांच्या निवेदकाला बाहेरचं होऊन सुटायचं होतं. दोघांना शेजारी ठेवून वाचलं की स्थलांतरावरचं आपलं गोंडस साहित्य, गावची आठवण, आईच्या हातची भाकरी वगैरे, फार अपुरं वाटू लागतं. गाव सुटलं याचा आनंद झालेली माणसं त्यात जवळजवळ नाहीत.

सध्या मी बंगळुरातल्या सफाई कामगार बायकांच्या मुलाखतींचं भाषांतर करते आहे. त्यांतल्या बऱ्याच जणी घरी तेलुगू बोलतात, मुकादमाशी कन्नड. कर्नाटकात त्यांच्यासाठी ‘पौरकार्मिक’ हा शब्द आहे. तो मराठीत जसाच्या तसा घेतला तर महापालिकेतला कुणी अधिकारी वाटतो. ‘सफाई कामगार’ बरोबर आहे, पण त्यात ‘पौर’ गळतो, म्हणजे या शहराची असल्याची खूण गळते. एका मुलाखतीत बाई स्वतःला पौरकार्मिक म्हणते आणि आजीला तोटी म्हणते, एकाच वाक्यात. तोटीला मराठीत जे प्रतिशब्द आहेत ते सगळे जातीची नावं आहेत, आणि शिवी म्हणूनही वापरले जातात. कन्नडमध्ये तो शब्द तिच्या तोंडी कसा उतरतो ते मी ध्वनिमुद्रणात पुन्हा पुन्हा ऐकलं. ती तो हळू आवाजात म्हणते, पण टाळत नाही. माझ्या खर्ड्यात सध्या दोन्ही शब्द तसेच ठेवले आहेत. संपादकांनी समासात लिहिलं आहे, ‘वाचक अडखळेल.’